वाचक विचारतात: ‘फ्रेश’ म्हणजे ताजं, ओलं, गोडं की नवं?

गेल्या अंकात आम्ही ‘फ्रेश’ या एकाच इंग्रजी शब्दाबद्दल प्रश्न मागवले होते. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांनी पत्रं पाठवली. बहुतेक प्रश्न व्याकरणाच्या पुस्तकातून आलेले नाहीत, रोजच्या धंद्यातून आणि कागदपत्रांतून आलेले आहेत. म्हणून उत्तरंही त्याच अंगाने देतो आहोत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

तारकर्लीजवळ आमची घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे. ‘ताजे मासे मिळतील’ आणि ‘प्रवासातून आल्यावर फ्रेश होण्याची सोय’ अशा दोन पाट्या इंग्रजीत करायच्या आहेत. मुलगा म्हणतो, ‘गेट फ्रेश’ लिहू नका. त्यात काय चूक आहे? (वाचक, मालवण)

मुलाचं ऐका. ‘गेट फ्रेश विथ समवन’ म्हणजे एखाद्याशी, बहुधा बाईमाणसाशी, आगाऊपणा करणं, लगट करणं. तुम्हाला अपेक्षित असलेलं क्रियापद ‘फ्रेशन अप’ आहे: हातपाय धुणं, तोंडावर पाणी मारणं, कपडे बदलणं. पाहुण्याला विचारायचं झालं तर ‘वुड यू लाइक टू फ्रेशन अप?’ पाटीवर ‘वॉशरूम’ एवढंच पुरे. प्रवासी शोधतो तो तोच शब्द. ‘फ्रेश अप’ असं क्रियापद मात्र इंग्रजीत नाही, ते आपल्याकडेच तयार झालं आहे.

आंघोळ झाल्यावर ‘आता फ्रेश वाटतंय’ म्हणायचं असेल तर ‘आय फील रिफ्रेश्ड’. तरतरी देतं ते ‘रिफ्रेशिंग’ आणि तरतरी येते तो ‘रिफ्रेश्ड’. सोलकढी रिफ्रेशिंग, ती प्यायलेला पाहुणा रिफ्रेश्ड. ही दोन रूपं उलटसुलट झाली की वाक्य बिघडतं. ‘रिफ्रेशमेंट्स’ असं अनेकवचन केलं की अर्थ होतो चहापाणी, हलकं खाणं. कार्यक्रमपत्रिकेत तो शब्द नेहमी अनेकवचनीच लिहावा.

आता माशांची पाटी. ‘फ्रेश फिश’ बरोबर आहे. आजच पकडलेले म्हणायचं असेल तर ‘फ्रेशली कॉट’ लिहा. नियम सोपा आहे: नामाच्या आधी ‘फ्रेश’, क्रियापदापासून झालेल्या विशेषणाच्या आधी ‘फ्रेशली’. म्हणून ‘फ्रेश चटणी’ पण ‘फ्रेशली ग्राउंड चटणी’, ‘फ्रेश सोलकढी’ पण ‘फ्रेशली मेड सोलकढी’. ‘फडफडीत’साठी वेगळा शब्द शोधू नका, ‘जस्ट कॉट’ने काम होतं. कुर्ल्या, तिसऱ्या, कालवं जिवंत असतील तर ‘फ्रेश’च्या ऐवजी ‘लाइव’ म्हणतात.

माशाच्या बाबतीत या शब्दाची हद्द ठरलेली आहे. बर्फात ठेवलेला पण कधीच न गोठवलेला मासा ‘फ्रेश’ राहतो. त्याला ‘चिल्ड’ही म्हणतात. उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये गोठवलेला मासा ‘फ्रोझन’, मग तो वितळवून तव्यावर टाकलेला असला तरी. पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत, साधारण १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. त्या दिवसांत पाटीवर ‘फ्रेश सुरमई’ राहिली आणि ताटात फ्रीझरमधली पडली, तर तक्रार आल्यावर तुमच्याजवळ उत्तर नसेल. तेव्हा सरळ ‘फ्रोझन सुरमई’ लिहावं आणि खाडीतली मासळी मिळत असेल तर तिच्यापुढे ‘फ्रेश, फ्रॉम द क्रीक’ असं लिहावं. खाणाऱ्याला दोन्ही चालतं, फसवणूक चालत नाही.

या एका पाटीवरून पुढच्या सगळ्या उत्तरांची गुरुकिल्ली सांगतो: ‘फ्रेश’चा अर्थ त्याच्या विरुद्धार्थी शब्दावरून ठरतो. समोर गोठवलेलं आहे, वाळवलेलं आहे, खारट आहे, शिळं आहे की जुनं आहे, ते आधी पाहा. मराठी शब्द आपोआप सापडेल.

आम्ही काजूगर, नारळ, ओली हळद आणि सुकी मासळी पार्सलने पाठवतो. ‘ओलं’ या शब्दाला यादीत ‘वेट’ लिहिलं तर ग्राहक फोन करून विचारतात, भिजलंय का? (बचत गटाच्या सदस्या, कुडाळ)

ग्राहकांचं चुकत नाही. ‘वेट’ म्हणजे बाहेरून पाणी लागलेलं, भिजलेलं. आपण कोकणात ‘ओलं’ म्हणतो ते बहुतेक ठिकाणी ‘सुकं’च्या विरुद्ध, अंगातला रस शाबूत असलेलं. वर सांगितलेली किल्ली इथे लावली की ‘फ्रेश’ हा शब्द चपखल बसतो, कारण इंग्रजीतही ‘फ्रेश’च्या विरुद्ध ‘ड्राइड’ उभा असतो.

तुमच्या यादीतला एकेक जिन्नस घेऊ. ओले बोंबील ‘फ्रेश बॉम्बे डक’, सुके बोंबील ‘ड्राइड बॉम्बे डक’. कोलंबी ‘फ्रेश प्रॉन्स’, सोडे ‘ड्राइड शेल्ड प्रॉन्स’. ‘शेल्ड’ म्हणजे सोललेले, तो शब्द गाळला तर ग्राहक सालासकट सुकवलेली कोलंबी समजेल. ओलं आलं ‘फ्रेश जिंजर’, सुंठ ‘ड्राय जिंजर’. ओली हळद ‘फ्रेश टर्मरिक’, आणि पुढे ‘रूट’ जोडलं तर जास्त चांगलं, नाहीतर लोकांच्या डोळ्यांपुढे पूडच येते.

नारळात जरा जपून. ओलं खोबरं ‘फ्रेश कोकोनट’, खवलेलं असेल तर ‘फ्रेशली ग्रेटेड कोकोनट’. हे मात्र त्याच दिवशी देणार असाल तरच लिहा; खवलेलं खोबरं फ्रीजबाहेर लवकर आंबतं आणि मग ‘फ्रेशली’ हा शब्दच अंगाशी येतो. सुकं खोबरं म्हणजे ‘कोप्रा’ किंवा ‘ड्राय कोकोनट’. बेकरीवाले मागतात ते ‘डेसिकेटेड कोकोनट’ हा तिसराच प्रकार: यंत्रावर बारीक करून वाळवलेला कीस. शहाळ्याला ‘फ्रेश कोकोनट’ म्हणू नका, त्याचं नाव ‘टेंडर कोकोनट’.

काजूत सर्वांत जास्त घोटाळे होतात. ओले काजूगर ‘टेंडर कॅश्यू’ या नावाने विकावेत. ते ‘रॉ कॅश्यू’ म्हणून विकलेत तर घाऊक व्यापारी वेगळंच समजेल, कारण त्या व्यापारात ‘रॉ कॅश्यू नट’ म्हणजे टरफलासकट वाळवलेली काजू बी. त्या टरफलातल्या चिकाने कातडी भाजते. मुंबईच्या एखाद्या गिऱ्हाइकाने ते नाव वाचून बिया मागवल्या आणि घरी विळीवर फोडायला घेतल्या, तर प्रकरण शब्दाच्या चुकीवर थांबणार नाही. नावासोबत एक वाक्य जोडा: टरफल काढलेले, न भाजलेले, फ्रीजमध्ये ठेवावेत. ‘टेंडर’मधला कोवळेपणा ‘फ्रेश’मध्ये येत नाही, आणि काजूगराची चव त्या कोवळेपणातच असते.

पण ‘ओलं’ दिसलं की ‘फ्रेश’ ठोकायचं, असंही नाही. ओली मिरची ‘ग्रीन चिली’. ओला चारा ‘ग्रीन फॉडर’. भिंतीला नुकता दिलेला ओला रंग ‘वेट पेंट’, इथे मात्र ‘वेट’च हवा, कारण हात लावला तर डाग पडेल हे सांगायचं आहे. ‘फ्रेश कोट ऑफ पेंट’ म्हणजे रंगाचा नवा हात, तो वाळलेला असू शकतो. ओली बाळंतीण इंग्रजीत एका शब्दात येतच नाही. ‘अ वुमन हू हॅज जस्ट गिव्हन बर्थ’ असं पूर्ण म्हणावं लागतं.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. ब्रिटनमध्ये ‘वेट फिश’ असा प्रयोग आहे आणि तिथे त्याचा अर्थ आपल्या ओल्या मासळीसारखाच आहे: न शिजवलेली, न खारवलेली, न सुकवलेली. तसंच चित्रकलेतला ‘फ्रेस्को’. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर रंग लावायचे, म्हणजे गिलावा वाळताना रंग त्यात धरून बसतात, अशी ती पद्धत. इटालियन भाषेत ‘फ्रेस्को’ म्हणजे ताजा, आणि हा ताजेपणा गिलाव्याच्या ओलेपणाचा. आपल्या ‘ओल्या’ने आणि त्यांच्या ‘फ्रेस्को’ने एकच नस पकडली आहे, याचा आम्हाला मनापासून आनंद होतो.

डबाबंद आमरसाच्या लेबलवर ‘फ्रेश मँगो पल्प’ छापलं तर चालेल का? (आंबा प्रक्रिया उद्योजक, देवगड)

नाही. हा केवळ भाषेचा प्रश्न नाही, नियमाचा आहे. अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबाबत भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०१८चे नियम आहेत. त्यांत ‘फ्रेश’ हा शब्द कशाला लावता येईल ते सांगितलं आहे: धुणं, सोलणं, थंड ठेवणं, कडा छाटणं, कापणं आणि ठरावीक मर्यादेपर्यंतचं विकिरण (किरणांचा मारा) एवढंच ज्यावर झालं आहे, असा पदार्थ. विकिरणाची मर्यादा १ किलोग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) आहे. रस उकळून, डब्यात भरून, हवाबंद करून टिकवला की तो या व्याख्येबाहेर गेला. रस कितीही उत्तम असो, फळ कालचंच उतरवलेलं असो, शब्द बसत नाही.

नुसत्या विकिरणाने मात्र ‘फ्रेश’पणा जात नाही. अमेरिकेत जाणाऱ्या हापूसला किडीच्या बंदोबस्तासाठी किमान ४०० ग्रे, म्हणजे ०.४ किलोग्रे, मात्रा द्यावी लागते. ती १ किलोग्रेच्या आत आहे.

‘फ्रेशली’बद्दल तर नियम आणखी कडक आहे. ‘फ्रेशली’ने फक्त कृतीचा ताजेपणा सांगायचा, आत्ता दळलं, आत्ता भाजलं इतकाच. ज्या पदार्थात टिकाऊपणासाठी काही घातलं आहे, किंवा ज्याचा ताजेपणा पॅकिंगच्या युक्तीने राखला आहे, त्यावर ‘फ्रेशली पॅक्ड’ लिहिता येत नाही. ताजा असतानाच झटपट गोठवलेल्या पदार्थाला ‘फ्रेश फ्रोझन’ किंवा ‘फ्रोझन फ्रॉम फ्रेश’ म्हणण्याची मुभा आहे. गोठवलेल्या आंब्याच्या फोडी विकत असाल तर हे उपयोगी पडेल.

तुमच्या डब्यावर ‘अल्फान्सो मँगो पल्प’ हे नाव, त्याखाली घटक, साखर घातली असेल तर तिचा उल्लेख, आणि ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ तारीख. मजकूर छापायला देण्यापूर्वी नियमांची चालू प्रत एकदा पाहून घ्या, कारण त्यांत अधूनमधून दुरुस्त्या होतात.

हवामानाच्या इंग्रजी माहितीत ‘फ्रेश ब्रीझ’ असं येतं. ब्रीझ म्हणजे झुळूक, फ्रेश म्हणजे प्रसन्न. मग त्याच दिवशी होडी का हेलकावते? (मच्छीमार कुटुंबातील वाचक, वेंगुर्ला)

कारण तिथे ‘फ्रेश’ म्हणजे जोराचा. ब्रिटिश नौदलातले अधिकारी फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी १८०५च्या सुमारास वाऱ्याच्या जोराची एक मोजपट्टी बसवली, ती आजही वापरात आहे. शून्य म्हणजे पडलेला वारा, १२ म्हणजे चक्रीवादळी वारा. तिच्यातला क्रमांक ५ म्हणजे ‘फ्रेश ब्रीझ’: १७ ते २१ नॉट (समुद्रावरचं वेगाचं एकक), म्हणजे ताशी २९ ते ३८ किलोमीटर. खुल्या समुद्रात अशा वाऱ्याला सुमारे २ मीटरच्या लाटा उठतात, अनेक लाटांचे माथे फेसाळतात आणि थोडे तुषारही उडू शकतात. जमिनीवर लहान झाडं सबंध डोलू लागतात. मोठ्या ट्रॉलरला हा वारा पेलतो, छोट्या पातीला जड जातो.

त्याच्या खालचा ‘मॉडरेट’ ११ ते १६ नॉट आणि वरचा ‘स्ट्राँग’ २२ ते २७ नॉट. इशाऱ्यात ‘४५ ते ५५ किलोमीटर वेगाने सोसाट्याचे वारे’ असं येतं, तो वेग ‘फ्रेश’च्या कितीतरी पुढचा. ‘विंड इज फ्रेशनिंग’ असं ऐकलंत तर वारा वाढतो आहे असं समजा. हवा सुखद होते आहे असा अर्थ तिथे नाही. जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘फ्रेश गेल’ सापडतो, तो क्रमांक ८, म्हणजे ३४ ते ४० नॉट.

आमचा आग्रह एवढाच की आधी आकडा वाचा, मग आकड्यापुढचं एकक, आणि विशेषण शेवटी. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. ‘२०’ हा आकडा नॉटमध्ये असेल तर वारा ताशी ३७ किलोमीटरचा असतो, आणि तो २० किलोमीटर समजून होडी लोटली तर अंदाज जवळजवळ निम्म्याने चुकतो.

आमच्या वाडीची विहीर गोड्या पाण्याची आहे. माहितीपत्रकात ‘स्वीट वॉटर वेल’ लिहिलं. बरोबर आहे का? (वाचक, गुहागर)

भारतात समजेल. पण बाहेरचा माणूस साखरेचं पाणी समजून थबकेल. ‘फ्रेश वॉटर’ लिहा. खरं तर किनाऱ्यावरच्या माणसाला हा अर्थ सर्वांत जवळचा वाटावा, कारण जुन्या इंग्रजीत ‘फेर्श’ हा शब्द पाण्यासाठी वापरत तेव्हा त्याचा अर्थ खारं नसलेलं, गोडं असाच होता. ताजेपणा, नवेपणा हे अर्थ मागाहून फुटले.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, गोड्या पाण्यात साधारण अर्ध्या ग्रॅमच्या आत. मधलं ते ‘ब्रॅकिश’, आपलं मचूळ. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये उपसा वाढला की मचूळ होतात. तेव्हा पत्रकात वर्षभरासाठी ‘फ्रेश’ लिहिण्याआधी उन्हाळ्यात पाणी चाखून किंवा तपासून पाहा. आणि ‘फ्रेश’ म्हणजे पिण्यायोग्य नव्हे. चिरेखाणीत साठलेलं पावसाचं पाणीही फ्रेशच असतं. पिण्याचं असेल तर ‘ड्रिंकिंग वॉटर’ असं वेगळं सांगावं लागतं.

लिहिताना नाम असेल तर ‘फ्रेश वॉटर’ दोन शब्द, विशेषण असेल तर ‘फ्रेशवॉटर’ जोडून. या जोडशब्दाने खानावळींच्या पाट्यांवर गोंधळ होतो: ‘फ्रेशवॉटर फिश’ म्हणजे रोहू, कटला असे नदी-तळ्यातले मासे. आज पहाटे समुद्रातून आणलेला पापलेट ‘फ्रेश फिश’ आहे, ‘फ्रेशवॉटर फिश’ नाही.

मुलांना ‘फ्रेश’चे समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द शिकवायचे आहेत. नुसती यादी दिली की ती कुठलाही शब्द कुठेही लावतात. (शिक्षिका, चिपळूण)

यादीच्या आधी बदलून पाहण्याची सवय लावा. वाक्यात ‘फ्रेश’ काढून दुसरा शब्द घालायचा आणि अर्थ टिकतो का ते पाहायचं. ‘फ्रेश एव्हिडन्स’मध्ये ‘न्यू’ किंवा ‘फर्दर’ चालतो. ‘फ्रेश ब्रेड’मध्ये ‘न्यू’ चालत नाही. ‘फ्रेश आयडिया’ला ‘ओरिजिनल’ किंवा ‘नॉव्हेल’. ‘नॉव्हेल’मध्ये वेगळेपणाची छटा जास्त. करकरीत नोट किंवा कुरकुरीत कोशिंबीर असेल तर ‘क्रिस्प’. ‘रिसेंट’ हा घटनेला आणि बातमीला. ‘रॉ’ मात्र समानार्थी नाही: न शिजवलेलं ते ‘रॉ’, आणि रॉ मासा शिळाही असू शकतो. बऱ्याच मुलांचे गुण इथेच जातात.

विरुद्धार्थी शब्द मराठीतून शिकवा, कारण मराठीनेही या बाबतीत बारकावे राखले आहेत. शिळी भाकरी किंवा पाव ‘स्टेल’, नासलेलं दूध ‘सावर’, खवट तेल किंवा खोबरं ‘रँसिड’, कुजलेली मासळी ‘रॉटन’, कोमेजलेली भाजी ‘विल्टेड’, कोंदट हवा ‘स्टफी’, खारं पाणी ‘सॉल्ट वॉटर’. मुलं घरी हे सगळे वास ओळखतात, त्यामुळे घोकावं लागत नाही. ‘खवट’ला ‘स्टेल’ लिहिलं तर अर्धा गुण देऊन समजावून सांगा.

कॉलेजच्या अर्जात ‘फ्रेश’ आणि ‘रिन्यूअल’ असे दोन पर्याय असतात. पासपोर्टच्या अर्जातही ‘फ्रेश’ असतं. नोकरीच्या अर्जात स्वतःला ‘फ्रेशर’ लिहू का? (विद्यार्थी, दापोली)

अर्जातलं ‘फ्रेश’ म्हणजे पहिल्यांदा, कोऱ्या पाटीवर. शिष्यवृत्ती तुम्हाला गेल्या वर्षी मिळाली असेल आणि तीच पुढे चालू ठेवायची असेल, तर ‘रिन्यूअल’. दरवर्षी अर्ज नव्याने भरायचा म्हणून ‘फ्रेश’ निवडणं ही नेहमीची चूक. एकाच नावाचे दोन अर्ज दिसतात आणि छाननीत अडकतात. पासपोर्ट आधी कधीच काढलेला नसेल तर ‘फ्रेश’. आधीचा संपला, हरवला, फाटला किंवा त्यात नाव-पत्ता बदलायचा असेल तर ‘रीइश्यू’. ‘माझ्या हातात आत्ता पासपोर्ट नाही’ म्हणजे ‘फ्रेश’ होत नाही.

कार्यालयीन पत्रात ‘सबमिट अ फ्रेश ॲप्लिकेशन’ असं आलं तर मात्र अर्थ थोडा वेगळा: जुना अर्ज विसरा, पहिल्यापासून पूर्ण भरून द्या. जुन्या अर्जात दुरुस्ती करून पाठवलेली चालत नाही. ‘फ्रेश टेंडर’ म्हणजे फेरनिविदा, तेही याच चालीवर.

‘फ्रेशर’ भारतातल्या कंपन्यांना कळतो: अनुभव नसलेला नवा उमेदवार. ब्रिटनमध्ये ‘फ्रेशर’ म्हणजे विद्यापीठात नुकता दाखल झालेला विद्यार्थी, आणि अमेरिकेत त्यालाच ‘फ्रेशमन’ म्हणतात. म्हणजे पदवी हातात घेऊन तुम्ही परदेशी अर्जात ‘फ्रेशर’ लिहिलंत, तर तुम्ही अजून पहिल्या वर्षाला आहात असा समज होईल. तिथे ‘रिसेंट ग्रॅज्युएट’ लिहा आणि पुढे पदवीचं वर्ष द्या.